झाडाआडचा पोलीस

जुलै २०२५ मध्ये राज्याच्या अपर पोलीस महासंचालक (वाहतूक) यांच्या कार्यालयातून एक परिपत्रक निघाले. वाहतूक पोलिसांनी वाहनांचे फोटो स्वतःच्या खासगी मोबाइलवर काढू नयेत, शासनाने दिलेले ई-चलान यंत्रच वापरावे, असा त्याचा आशय होता. त्याच सुमारास मालवाहतूकदारांनी ई-चलानाच्या विरोधात संप पुकारला होता आणि परिवहनमंत्र्यांपुढच्या बैठकीत त्यांचे एक गाऱ्हाणे वारंवार आले होते. पोलीस गाडी थांबवत नाही, काही सांगत नाही, बाजूला उभा राहून खिशातल्या मोबाइलवर फोटो टिपतो, आणि तो फोटो सवडीने यंत्रात चढवला जातो. मालकाला कळते तेव्हा मोबाइलवर दंडाचा निरोप आलेला असतो. गाडी त्या दिवशी कुठे होती हेही एव्हाना त्याच्या लक्षात नसते. परिपत्रकाने मोबाइल बंद केला. पण त्या मोबाइलमागची रीत, म्हणजे नजरेआड उभे राहून किरकोळ नियमभंग टिपण्याची रीत, योग्य की अयोग्य, याला त्याने हात लावला नाही. मराठवाड्यातल्या नांदेड आणि लातूर या दोन शहरांपुरता तरी तो प्रश्न धसाला लावायला हवा.

या दोन्ही शहरांत दुचाकी चालवणाऱ्या कुणालाही विचारा, पोलीस कुठे असतो हे तो तोंडपाठ सांगेल. तो सिग्नलवर कमी आणि सिग्नल ओलांडून पुढे जास्त असतो. वळणानंतर, पानटपरीच्या बाजूला, झाडाखाली. गणवेश असतो, पण दिसू नये अशा बेताने उभा असलेला. महामार्गावर हीच भूमिका वेग मोजणारी गाडी पार पाडते: उताराच्या तोंडाशी, झुडपाच्या आडोशाला. कधी नाकाबंदीत गणवेशातल्यांच्या पुढे वीस-पंचवीस पावलांवर साध्या कपड्यातला माणूस असतो. गाडी वळवून पळणाऱ्याला तोच धरतो. हे सगळे प्रकार कायद्याच्या नजरेत सारखे नाहीत आणि त्यांना एकाच काठीने हाकणे बरोबर नाही. पण त्यांच्या मुळाशी समज एकच आहे: लोक पोलीस दिसला की नियम पाळतात आणि नजरेआड झाला की मोडतात, म्हणून पोलिसाने दिसूच नये. वरवर पाहता ही समज बिनतोड वाटते. माझ्या मते ती उलटी आहे.

लपून राहणे हे पोलिसी कामातले जुने आणि गरजेचे हत्यार आहे. ते कुठे उपसायचे याची कसोटी साधी आहे: गुन्हाच लपून होतो का? लाच बंद दाराआड घेतली जाते, म्हणून लाचलुचपत प्रतिबंधक विभागाला सापळा लावावा लागतो. या विभागाच्या नांदेड परिक्षेत्रात नांदेड, लातूर, परभणी आणि हिंगोली हे चार जिल्हे येतात आणि तिथल्या सापळ्यांच्या बातम्या स्थानिक वर्तमानपत्रांत नेहमी येतात. त्या बातम्या नीट वाचल्या तर एक गोष्ट ध्यानात येते. सापळा मनात आले म्हणून लागत नाही. आधी तक्रारदार लागतो, मग पंचांसमक्ष मागणीची पडताळणी होते, नोटांना पावडर लावली जाते, पंचनामा होतो, आणि एवढे करूनही न्यायालय प्रत्येक पायरी तपासून घेते. म्हणजे लपण्याची मुभा जिथे आहे तिथे तिच्याभोवती कार्यपद्धतीचे कुंपणही आहे. दामिनी पथकातल्या महिला पोलीस साध्या वेशात फिरतात त्याचेही कारण तेच: गणवेश दिसला की टवाळखोर सज्जन होतो आणि त्रास सोसणारी मुलगी एकटी पडते. आता ही कसोटी हेल्मेटला लावून पाहा. डोक्यावर हेल्मेट नाही, ही गोष्ट भर दुपारी, भर चौकात, शंभर लोकांसमोर घडते. ट्रिपल सीट, राँग साइड, फॅन्सी नंबर प्लेट यांतले काहीही चोरून करता येत नाही. उघड्यावर घडणारी गोष्ट पाहायला झाडाआड जावे लागत नाही. झाडाआड जाणारा माणूस ती थांबवायला गेलेला नसतो. ती घडू द्यायला आणि मग नोंदवायला गेलेला असतो.

कायद्याचा रोखही उघडपणाकडेच आहे. मोटार वाहन कायदा, १९८८ चे कलम १३० म्हणते की सार्वजनिक ठिकाणी गणवेशातल्या पोलीस अधिकाऱ्याने मागितले तर चालकाने लायसन्स दाखवले पाहिजे. गणवेश ही त्यातली अट आहे. श्वासचाचणीच्या कलम २०३ मध्येही तीच अट आहे. साध्या कपड्यातल्या माणसाने गाडीपुढे येऊन कागदपत्रे मागणे हे या कलमांत कुठेच बसत नाही. गाडीची चावी काढून घेण्याचा तर कायद्यात उल्लेखच नाही. २०१९ च्या दुरुस्तीने कलम १३६ अ आणले आणि कॅमेऱ्यांना दार उघडून दिले. त्याखाली ऑगस्ट २०२१ मध्ये केंद्रीय नियम १६७ अ आला. हा नियम मुळातून वाचण्यासारखा आहे. यंत्राला मान्यतेचे प्रमाणपत्र हवे. नियमभंगाची नोटीस पंधरा दिवसांच्या आत गेली पाहिजे. आणि ज्या पट्ट्यावर यंत्राची नजर आहे त्याच्या अलीकडे, लोकांना स्पष्ट दिसेल अशी पूर्वसूचनेची पाटी राज्य सरकारने लावली पाहिजे. थोडक्यात, कॅमेऱ्याने लपू नये असे केंद्र सरकारनेच लिहून ठेवले आहे. मग हातात यंत्र घेतलेल्या माणसाने लपायचे कोणत्या न्यायाने? शहर वाहतूक शाखेच्या पोलिसाला पांढरा शर्ट दिला आहे तो गर्दीत लांबून नजरेत भरावा म्हणून. तो घालून आडोसा शोधणे हा गणवेशाशीच विसंगत प्रकार आहे.

गणवेशाचा आग्रह ही औपचारिकता वाटत असेल तर तोतया पोलिसांच्या बातम्या आठवाव्यात. ‘पुढे चेकिंग चालू आहे, दागिने काढून रुमालात बांधून ठेवा’ असे सांगून म्हाताऱ्या माणसांना लुटण्याचा प्रकार मराठवाड्यातल्या कुठल्याच शहराला नवा नाही. लोकसेवक असल्याची बतावणी करणे हा पूर्वीच्या दंड संहितेत गुन्हा होता, आता भारतीय न्याय संहितेच्या कलम २०४ खाली आहे. पण ही बतावणी का चालते? कारण साध्या कपड्यातला, केस बारीक कापलेला, आवाज चढवून बोलणारा माणूस पोलीस असू शकतो, हे रस्त्यानेच लोकांच्या अंगवळणी पाडले आहे. त्यात भर ‘झिरो पोलिसां’ची. पोलिसांच्या बाजूला उभा राहून गाड्या अडवणारा, सौदा करणारा, पण दप्तरी कुठेही नोंद नसलेला हा खासगी माणूस ट्रकवाल्यांना आणि काळी-पिवळीवाल्यांना चांगला ठाऊक असतो. गणवेश आणि छातीवरची नावाची पट्टी असेल तर तक्रार कुणाविरुद्ध करायची ते कळते. अटक करणाऱ्याने ओळख आणि नावाची पट्टी स्पष्ट दिसेल अशी लावावी, असे सर्वोच्च न्यायालयाने डी. के. बसू खटल्यात डिसेंबर १९९६ मध्येच बजावले होते. दंडाची पावती म्हणजे अटक नव्हे, हे खरे. पण नाव झाकून अधिकार वापरू नये हे तत्त्व दोन्हीकडे तेच आहे.

याहून गंभीर मुद्दा जिवाचा आहे. दडून बसलेल्या माणसाला गाडी थांबवायची तर ऐन वेळी पुढे यावे लागते, आणि दचकलेला दुचाकीस्वार ब्रेक दाबतो, हँडल वळवतो किंवा वेग वाढवतो. तिन्हीपैकी एकही सुरक्षित नाही. मार्च २०१८ मध्ये तमिळनाडूत तिरुचिरापल्लीजवळ हेल्मेटच्या कारणावरून न थांबलेल्या दुचाकीला पोलीस निरीक्षकाने पाठलाग करून लाथ मारली. मागे बसलेली महिला पडून मृत्युमुखी पडली. पुढच्या वर्षी नोव्हेंबरमध्ये केरळ उच्च न्यायालयाने अशाच एका प्रकरणात स्पष्ट सांगितले की हेल्मेट नसलेल्याला अडवायला रस्त्याच्या मध्ये येऊ नका, पाठलाग करू नका. नंबर टिपायला कॅमेरे आहेत. या निकालाचा आधार घेऊन कुणी म्हणेल, मग लपून फोटो काढणेच बरे. निकालाचा अर्थ तसा नाही. अडवण्याची झटापट टाळा, एवढेच तो सांगतो. लांबून दिसणारा पोलीस आणि पाटी लावलेला कॅमेरा हे दोन्ही ती टाळतात, आणि डोक्यावर हेल्मेट चढवण्याचे कामही करतात.

आता विरुद्ध बाजूचा सगळ्यात भक्कम पुरावा. न्यूझीलंडमध्ये १९९७ पासून एका पोलीस विभागात वेग टिपणारे कॅमेरे लपवून ठेवण्याचा प्रयोग झाला आणि त्याची तुलना उघड कॅमेऱ्यांच्या भागाशी केली गेली. २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात लपवलेल्या कॅमेऱ्यांची बाजू सरस ठरली. उघड कॅमेऱ्याजवळ लोक तेवढ्यापुरते हळू जातात. कॅमेरा कुठे आहे हेच कळत नसले की सगळीकडेच हळू जातात, आणि अपघातही त्या प्रमाणात घटतात. हा पुरावा झटकून टाकता येणार नाही. उघड पोलीस फक्त स्वतःभोवतीचे पन्नास मीटर सुधारतो, हा त्यातला मुद्दा नांदेडच्या वर्कशॉप कॉर्नरपासून लातूरच्या राजीव गांधी चौकापर्यंत कुठेही ताडून पाहता येईल. ‘पुढे मामा आहेत’ कळताच हँडलला टांगलेले हेल्मेट डोक्यावर जाते आणि चौक ओलांडला की परत हँडलला.

पण त्या प्रयोगातून आपण नेमके काय उचलायचे? तिथे लपले होते ते यंत्र, माणूस नव्हे. ते प्रत्येक गाडी सारख्या नजरेने मोजत होते, ओळखीच्याला सोडत नव्हते, कुणापुढे उडी घेत नव्हते, आणि दंड घरी पोहोचत होता. मोजला जात होता तो वेग, जो नुसत्या डोळ्यांनी ठरवता येत नाही. हेल्मेटला, ट्रिपल सीटला यातले काहीच लागू नाही. शिवाय लपण्याचा परिणाम तेव्हाच होतो जेव्हा पकडले जाण्याची शक्यता मोठी आणि सर्वांना सारखी असते. आपल्याकडे झाडाआडचा एक पोलीस शंभरातल्या पाच जणांना धरतो. त्यातल्या दोघांचे कुणीतरी ओळखीचे निघते, एकाचे चिरीमिरीत भागते. उरलेल्या दोघांना आपण चुकलो असे वाटत नाही. आपण सापडलो असे वाटते. चलानाचा निरोप आला तरी तो भरण्याची घाई कुणाला नसते, कारण लोकअदालतीत तडजोड होते हे एव्हाना सर्वांना माहीत आहे. दंड दोन महिन्यांनी, तोही कमी होऊन भरला जाणार असेल तर रस्त्यावरच्या त्या क्षणाशी त्याचा संबंध उरतो कुठे?

लपंडावाला लोक लपंडावानेच उत्तर देतात, याचा इतिहास मोटारीइतकाच जुना आहे. इंग्लंडमध्ये विसाव्या शतकाच्या सुरुवातीला पोलीस कुंपणाआड दडून घड्याळावर मोटारींचा वेग मोजत. त्यांच्यापासून सावध करायला १९०५ मध्ये मोटारवाल्यांनी ऑटोमोबाइल असोसिएशन काढली. तिचे सायकलस्वार पुढचा सापळा आधीच सांगत. १९१० मध्ये न्यायालयाने या इशाऱ्याला आक्षेप घेतला तेव्हा संघटनेने तोडगा काढला: आमचा माणूस सभासदाला नेहमी सलाम करील, केला नाही तर काय ते समजा. पुढे हीच संघटना इंग्लंडातली प्रतिष्ठित संस्था झाली. तुळजापूर, औसा, लातूर, चाकूर, अहमदपूर, लोहा करत नांदेडला जाणाऱ्या राष्ट्रीय महामार्ग ३६१ वर हे काम डिपर करतो. समोरून येणारा अनोळखी ड्रायव्हर दोनदा दिवे उघडझाप करून ‘पुढे गाडी उभी आहे’ एवढे कळवतो आणि मैलभर सगळे गरीब गायीसारखे चालतात. पोलीस विरुद्ध बाकी सगळे, अशी ही फळी आहे. गावच्या गुन्ह्याची खबर पोलिसांना याच लोकांकडून मिळायची असते, हे डिपर मारणाऱ्यापेक्षा पोलिसांनी अधिक लक्षात ठेवायला हवे. शेजारच्या गोव्यात २०१७ च्या नोव्हेंबरमध्ये ‘ट्रॅफिक सेंटिनेल’ योजना आली: नागरिकांनी नियमभंगाचे फोटो पाठवायचे, गुण मिळवायचे, गुणांवर पैसे. म्हणजे लपणारा पोलीस कमी पडला म्हणून शेजाऱ्यालाच खबऱ्या केले. त्या योजनेविरुद्ध उठलेला राग इथे तसेच काही आणू पाहणाऱ्या हौशी मंडळींनी अभ्यासावा.

‘किरकोळ’ म्हणून हे नियम सोडून द्यावेत, असा मात्र याचा अर्थ कुणी काढू नये. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालाप्रमाणे २०२२ मध्ये देशात १,६८,४९१ माणसे रस्त्यावर मेली. त्यांत महाराष्ट्रातली १५,२२४. हेल्मेट न घातलेल्या मृतांची संख्या पन्नास हजारांच्या वर होती. या आकड्यापुढे दंडाचे पाचशे-हजार रुपये हा विषयच राहत नाही. पण म्हणूनच लपून टिपण्याची रीत अधिक खटकते. हेल्मेटशिवाय निघालेला मुलगा समोरून गेला, पोलिसाने मागून फोटो काढला आणि मुलगा तसाच पुढे सुसाट गेला. पुढच्या वळणावर त्याचे काही झाले तर शासनाकडे काय असेल? त्याच्या उघड्या डोक्याचा वेळ-तारखेसह पुरावा. थांबवले असते तर दहा मिनिटे गेली असती, बोलाचाली झाली असती, पण गाडी हेल्मेटशिवाय पुढे गेली नसती. आणि माणूस माणसाला पाहतो तेव्हा तारतम्यही राहते. कलम १२९ पगडी बांधलेल्या शीख चालकाला हेल्मेटमधून सूट देते. हुजूर साहिबच्या नांदेडमध्ये हे पोलिसाला शिकवावे लागत नाही. पेशंटला घेऊन धावणारा कोण आणि नुसता उंडारणारा कोण, हे समोरासमोर कळते. नंबर प्लेटच्या फोटोत दोघे सारखेच.

दोन्ही शहरांच्या रस्त्यांचा स्वभावही ध्यानात घ्यायला हवा. नांदेडचे मुख्य रस्ते २००८ च्या गुरू-ता-गद्दी त्रिशताब्दीच्या निमित्ताने रुंद झाले. रुंद रस्ता वेगाला आमंत्रण देतो. तिथे वेग टिपणारा कॅमेरा हवा, पाटीसह. लातूरची गोष्ट वेगळी. गंजगोलाईत सोळा रस्ते येऊन मिळतात. तिथे वेग हा प्रश्नच नाही, प्रश्न आहे उभ्या गाड्या, हातगाडे आणि मधेच थांबणाऱ्या ऑटोंचा. आणि लातूरचा खरा दुखरा भाग म्हणजे ट्यूशन एरिया. ‘लातूर पॅटर्न’साठी मराठवाडाभरातून आलेली अकरावी-बारावीची पोरे, त्यांतली कितीतरी अठरा वर्षांच्या आतली, एका स्कूटीवर तिघे-तिघे. २०१९ च्या दुरुस्तीतले कलम १९९ अ अल्पवयीनाच्या गुन्ह्यासाठी पालकाला पंचवीस हजार दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद सांगते. आई-बाप अहमदपूरला किंवा मुखेडला, गाडी पोराकडे. अशा घराला पहिला धक्का थेट या कलमाचा द्यायचा का? क्लास सुटण्याच्या वेळी गेटसमोर दोन पांढरे शर्ट ठळकपणे उभे केले, क्लासचालकांना गाड्या आत घेऊ नका म्हणून बजावले, तर आठवड्याभरात चित्र पालटेल. त्याच पोरांना तीन गल्ल्यांपलीकडे दबा धरून पकडल्याने ती चौथी गल्ली शोधतात, इतकेच.

‘आपल्या लोकांना भीतीशिवाय कळत नाही,’ असे पोलीस खात्यात आणि बाहेरही फार म्हटले जाते. भीती हवीच. पण ती पकडले जाण्याच्या खात्रीची हवी, पोलीस कुठून उगवेल याची नको. आणि पोलिसांची बाजूही सांगितली पाहिजे. मेमध्ये नांदेडचा पारा बेचाळीस-त्रेचाळीसवर असतो; चौकात छत्री नाही, प्यायला पाणी नाही, सिग्नल बंद, झेब्रा पट्टे पुसलेले. अशा वेळी तो सावलीला सरकला तर त्याला लपला म्हणणे अन्यायाचे आहे. बरेचसे ‘लपणे’ हे नियोजनातला आळस आहे, कपट नाही. दिसेल अशा जागी सावली द्या, निम्मा प्रश्न तिथेच सुटेल. साध्या वेशातला माणूस रस्त्यावर वापरायचाच असेल तर त्याला खरोखर लपून होणाऱ्या गोष्टींकडे वळवा: नांदेड स्टेशनवर परगावच्या भाविकाकडून मन मानेल ते भाडे घेणारा ऑटो, नाक्यावर पावतीशिवाय पैसे घेणारा हात. परका प्रवासी होऊन बसल्याशिवाय हे प्रकार दिसतच नाहीत. कलम २१० ब प्रमाणे कायदा राबवणाऱ्यानेच तो मोडला तर दंड दुप्पट आहे. त्या कलमाखाली किती चलाने झाली, हेही एकदा जाहीर व्हावे.

नांदेड आणि लातूरच्या पोलीस अधीक्षकांकडे म्हणून मागणी साधी आहे. कारवाईच्या जागांची यादी महिन्याच्या सुरुवातीला छापा. वेळ हवी तर गुप्त ठेवा. वेगाच्या गाडीआधी पाटी लावा. गणवेश आणि नावाची पट्टी नसलेल्या कुणालाही गाडी अडवू देऊ नका. आणि वाचकांसाठी: चलानाचा निरोप आला तर तो उघडून फोटो, ठिकाण आणि वेळ तपासा. चूक आपली असेल तर लोकअदालतीची वाट न पाहता भरून टाका. फोटोत काहीच सिद्ध होत नसेल तर महाट्रॅफिकच्या संकेतस्थळावर तक्रार नोंदवण्याची सोय आहे. ती लेखी नोंदवा, कट्ट्यावर नको.